ब्रेक उघडला त्याची पहिली फेरी

९ जानेवारी

जावईबापूंना,

आशीर्वाद देतो, कारण सासऱ्याला ते द्यावेच लागतात.

तुमचं पत्र परवा मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं चष्म्याचा नंबर वाढला, म्हणून परत वाचलं. नंबर ठीक आहे. तुम्हीच दिलेला चष्मा आहे, त्यात खोट नाही. खोट तुमच्या डोक्यात आहे. फोनवर बोललो असतो, पण चौतीस वर्षं बस डेपोत कॉम्प्रेसरशेजारी काढली की माणसाआधी त्याचे कान रिटायर होतात. तेव्हा लिहितो, आणि सावकाश वाचा.

तुम्ही माझं मत विचारता, गाडीला असे नवे ब्रेक बसवलेत म्हणे की आठवडाभर शाळा, बाजार, दवाखाना होईल आणि महिन्यातले दोन रविवार तीच गाडी ट्रॅकवर सुसाट पळवता येईल. चष्म्याच्या दुकानात दिवसभर बसणाऱ्या माणसाला ही हौस कुठून सुचली, हे आधी सांगा. शांत, सालस जावई मिळाला म्हणून मी लोकांना सांगत फिरत होतो. खाली मुंडी अन् पाताळ धुंडी निघालात.

आता ब्रेकचं ऐका. रस्त्यावरचा ब्रेक सकाळी गार असतानाच पकडायला हवा. समोर आलेली सायकल तुमचा ब्रेक तापायची वाट बघत नाही. ट्रॅकवरचा ब्रेक तापून लाल झाल्यावर पकडायला हवा. जो गार असताना पकडतो तो तापला की हात टेकतो, आणि जो तापल्यावर पकडतो तो गार असताना झोपलेला असतो. दोन्ही एकात होत नाही. दोन डगरींवर पाय ठेवणारा मधल्यामध्ये जातो, आणि इथे तुमच्याबरोबर मागच्या सीटवर माझी सहा वर्षांची नात ठकी आहे.

आमच्या डेपोत एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. ज्याने ब्रेक उघडला, पहिली फेरी त्याची. काम संपलं की ब्रेकवाला स्वतः त्या बसमध्ये चढायचा आणि ड्रायव्हरशेजारी उभा राहायचा. चुकलं असेल तर आधी तो मरेल, मग प्रवासी. चौतीस वर्षांत मी एकही पहिली फेरी चुकवली नाही, अंगात ताप असताना केली. तुमचे ते नवे ब्रेक बसवणारा बसेल का ठकीच्या शेजारी?

आणि माझ्या मुलीला या भानगडीत ओढू नका. लहानपणी ती डेपोत माझ्यासोबत येऊन नट-बोल्ट निवडत बसायची, पण तो पोरखेळ. गाडी शाळेपर्यंत न्यावी आणि आणावी, यापलीकडे तिला त्यातलं काही कळत नाही.

अण्णा


१७ जानेवारी

ती. अण्णांना,

नमस्कार. रागावलात याचं वाईट वाटलं, पण रागावला नसतात तर जास्त काळजी वाटली असती.

तुमचं म्हणणं खरं आहे, दोन्ही एकात होत नाही. म्हणून तसं केलेलंच नाही. पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क घेतल्या, म्हणजे उष्णता पसरायला जागा मिळते. पॅड डिस्कवर दाबणारे कॅलिपर चार पिस्टनचे. रबरी नळ्या दाबाने फुगतात, म्हणून स्टीलच्या जाळीच्या नळ्या. ऑईल लवकर उकळणार नाही असं. हे सगळं गाडीवर कायम राहतं आणि रस्त्यावर त्याचा त्रास नाही. बदलतात ते फक्त पॅड. लाल खोक्यातला जोड ट्रॅकचा, निळ्या खोक्यातला रस्त्याचा. शनिवारी लाल चढवायचे, रविवारी संध्याकाळी काढून निळे. निळ्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे, चाकाच्या फटीतून वाकून पाहिलं तरी दिसतो. ठकी सोमवारी शाळेला निघते ती पांढऱ्या ठिपक्यावरच.

हे काम दुकानात देत नाही, घरीच होतं. त्यामुळे पहिली फेरीही घरच्याचीच होते. तुमचा नियम मोडलेला नाही.

शेवटी एवढंच, की इंजिन पगार देतं पण पेन्शन ब्रेक देतो. हे या घरात कुणी विसरलेलं नाही.

हे लिहिताना शेजारून मला दोनदा दुरुस्त केलं गेलं, तरी काही चुकलं असल्यास ते माझं समजावं.

आपला,
जावई


२७ जानेवारी

जावईबापू,

पगार आणि पेन्शनचं वाक्य माझं आहे. ते मी डेपोत नव्या पोरांना सांगायचो. माझंच वाक्य मला शिकवायला तुम्हाला कुणी सांगितलं? मुलीनं सांगितलं असणार. तिच्या तोंडून चार शब्द उचलायचे आणि सासऱ्याला गप्प करायचं, हा धंदा इथे चालणार नाही.

पत्र बाकी असं लिहिलंय की जणू डेपोच्या फोरमननं लिहिलंय. तुमच्या हातांचं मला माहीत आहे. लग्नाच्या वर्षी आमच्याकडे पंख्याचा एक स्क्रू घट्ट करायला दिला होता, तो तुम्ही अजून शोधताय.

तोंडच्या गोष्टी पुरे. मी पंधरा फेब्रुवारीला येतोय. दोन दिवस राहीन आणि सगळं डोळ्यांनी बघेन. पाहुणा म्हणून येत नाही.

अण्णा


१७ फेब्रुवारी, सोमवार

जावईबापू,

सकाळच्या सहाच्या बसनं निघालो तो आत्ता दुपारी पोचलो. तोंड धुतलं आणि लिहायला बसलो, कारण जे केलं ते तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकावं असं नको.

शनिवारी रात्री मी पोचेपर्यंत तुमचे लाल पॅड चढवून झाले होते, आणि काल मला ठकीपाशी बसवून तुम्ही गेलात. तीन वाजता तुम्ही हेल्मेट काखेत घालून दारात उभे राहिलात. केसांचा भांग जसाच्या तसा, कपाळावर घामाचा थेंब नाही, म्हणजे तुम्हाला भीती कशाची ती नाहीच. मुलगी तुमच्या मागे. दवाखान्यातली एक्स-रेची ड्यूटी संपवून तुमच्यासोबतच आली म्हणाली. घामाघूम, केस डोक्याला चिकटलेले, तरी हसत होती. रविवारीसुद्धा तिला राबवून घेतात आणि नवरा तिकडे गोल गोल फिरतो. माझ्या पायाची आग मस्तकाला गेली.

संध्याकाळी पॅड बदलतो म्हणाला होतात. बदललेत का? नाही. मुलगी म्हणाली, "अण्णा आलेत, गाडीचं उद्या सकाळी बघू." मग तुम्ही तिघं पायी ठकीचे बूट आणायला गेलात. तेवढ्यात मी किल्ली घेतली, खाली पार्किंगमध्ये गेलो, जॅक लावला आणि पुढची दोन्ही चाकं उतरवली. तुमचं ते ट्रॅकचं विष काढलं आणि निळ्या खोक्यातले पॅड घातले. वीस मिनिटांचं काम. तुम्ही परत येईपर्यंत हात धुऊन पेपर वाचत होतो.

लाल खोकं माझ्या पिशवीत आहे. परत मिळणार नाही. तुमचे रविवार संपले. आभार मानायची गरज नाही.

अण्णा


१७ फेब्रुवारी

ती. अण्णांना,

तुम्ही पोचला असाल. आज सकाळी इकडे एक गोष्ट झाली, ती लपवून ठेवणं बरं नाही.

शाळेला निघताना पार्किंगच्या उतारावरून गाडी खाली येत होती. ब्रेक दाबला तर पेडल सरळ तळाला गेलं, गाडी थांबली नाही. उताराच्या तोंडाशी शाळेच्या व्हॅनसाठी मुलं रांगेत उभी असतात, सात-आठ जण. हँडब्रेक ओढून गाडी बाजूच्या भिंतीवर घातली. मुलांना काही झालं नाही. ठकीचा ओठ फाटला, तीन टाके पडले. वरचे दोन दात गेले. दुधाचेच होते, पण आठवडाभर उशिरा गेले असते तर बरं झालं असतं. ती आता झोपली आहे.

तुमची मुलगी ठीक आहे.

चूक माझी आहे. कृपया मनाला लावून घेऊ नका.

आपला,
जावई


२४ फेब्रुवारी

जावईबापू,

मनाला लावून घेऊ नका म्हणता? माझ्या नातीच्या तोंडाला टाके पडले आणि मी मनाला लावून घेऊ नको?

मी त्या गाडीत रस्त्याचे पॅड घालून आलो होतो. माझ्या हातांनी. मग सकाळी ब्रेक लागले कसे नाहीत? एकच उत्तर आहे. तुमच्याकडे ट्रॅकच्या पॅडचा आणखी एक जोड होता. म्हाताऱ्यानं खोकं नेलं हे तुम्हाला कळलं, तुम्ही सूडानं दुसरा चढवलात आणि गारठलेल्या सकाळी त्या झोपलेल्या ब्रेकवर माझ्या नातीला बसवलंत. तिला रांगेतल्या पोरांवर घालणार होतात. देवानं भिंत तिथे ठेवली म्हणून आज मी तुम्हाला तुरुंगाच्या पत्त्यावर पत्र लिहीत नाही.

माझ्या हाताखालून हजारो चाकं गेली. एकाही बसचा ब्रेक फेल झाला नाही. एकाही. आणि माझ्या स्वतःच्या घरात हे व्हावं.

सात-आठ वर्षं तुम्हाला कधी वेडंवाकडं बोललो नाही. आता बोलतो. तुम्ही बाप व्हायच्या लायकीचे नाही. नऊ मार्चच्या रविवारी मी येतोय, मुलीला आणि ठकीला घेऊन जाणार. त्याआधी गाडी विकली असेल तर दारात उभं राहून बोलू. विकली नसेल तर बोलायचं काही उरलेलं नाही. मुलीला सांगा, बॅगा भरून ठेव.

अण्णा


२ मार्च

अण्णा,

बॅगा भरलेल्या नाहीत आणि भरणारही नाही.

तुमचं पत्र आलं. यांनी उत्तर लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते फोडलं. आत लिहिलं होतं, सगळी चूक माझी, गाडी विकतो, पण दोघींना नेऊ नका. ते मी फाडून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली आहे आणि संन्यासी स्वतःच मान पुढे करतोय, हे मला बघवत नाही.

तेव्हा आधी माझी चूक ऐका. ट्रॅकवर गाडी मी चालवते. दोन वर्षं झाली. हे नाहीत. यांना गाडी मागे घेता येत नाही, अण्णा. बाजारात जाताना एक अवघड वळण चुकवायला हे तीन सोपी वळणं घेतात. ट्रॅकवर कुंपणाबाहेर खुर्ची टाकून माझी वेळ मोजतात, आणि प्रत्येक वळणाला डोळे मिटतात त्यामुळे वेळही चुकते. त्या रविवारी मी दवाखान्यात नव्हते. घामानं केस माझे चिकटले होते, हे तुम्ही पाहिलंत, लिहिलंतसुद्धा, आणि तरी दिसलं नाही. हेल्मेट यांनी काखेत धरलं कारण मी धरलं असतं तर तुम्ही विचारलं असतं. यांच्या पत्रातलं ब्रेकचं प्रत्येक वाक्य मी सांगितलेलं आहे. पॅड मी बदलते. पांढरा ठिपका माझा.

तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ होतं. यांनी आपणहून सांगितलं, माझं नाव घाल, सासरे जावयावर रागावतील पण मुलीवर रागावले तर तुला सहन होणार नाही. या माणसाला तुम्ही लिहिलंत की तो बाप व्हायच्या लायकीचा नाही.

आता सोमवार. गाडी मी चालवत होते. दुसरा जोड वगैरे काही नाही. तुम्ही घातलेलेच पॅड गाडीत होते. पेडल तळाला गेलं, हे यांनी तुम्हाला लिहिलं होतं. तुम्ही ते नीट वाचलं असतंत तर चोवीस तारखेचं पत्र लिहिलंच नसतंत. ट्रॅकचे गार पॅड असते तर पेडल दगडासारखं टणक लागलं असतं आणि गाडी उशिरा थांबली असती. पेडल तळाला जाणं हे वेगळं दुखणं आहे. तुमच्या बसला हवा थांबवते. माझ्या गाडीला तेल थांबवतं. जाड पॅड मावावेत म्हणून तुम्ही कॅलिपरचे पिस्टन टॉमीच्या सळईनं मागे रेटलेत. ते आपणहून पुढे येत नाहीत. गाडी हलवायच्या आधी पेडल चार-पाच वेळा दाबून त्यांना पॅडपर्यंत आणावं लागतं. तुम्ही चाकं लावलीत, हात धुतलेत आणि पेपर वाचलात.

तुम्ही म्हणाल, मग तू का नाही दाबलंस. हे मी रोज स्वतःला विचारते. ऐका. साडेसहाला मी पाने घेऊन खाली गेले, पॅड बदलायला. वाकून पाहिलं तर पांढरा ठिपका. जॅक जागच्या जागी नव्हता, चाकाचे नट तुम्ही पुसता तसे पुसलेले. मला कळलं की हे अण्णांनी केलं. आणि मी खूश झाले, अण्णा. मूर्खासारखी उभी राहून खूश झाले. मी स्वतःचं काम तीनदा तपासते. यांना तर टायरमध्ये हवासुद्धा भरू देत नाही. आयुष्यात एकदाच ब्रेक न तपासता निघाले, कारण तो तुम्ही उघडला होता.

टाके घालताना डॉक्टरांनी मला ठकीला धरायला सांगितलं होतं. तिनं रडता रडता विचारलं, "अण्णांनी गाडी नीट केली होती ना?" कारण बूट घेऊन आल्यावर तिनं तुमच्या नखांत राहिलेलं गाडीचं काळं बघितलं होतं. मी काय सांगायचं होतं?

आणि आता निघालंच आहे तर तेही सांगते. डेपोत शिकाऊ कामगारांची जागा निघाली होती. फॉर्म मी भरला होता, खाली वडिलांची सही हवी होती. तुम्ही म्हणालात, "ब्रेक विभागात मुलगी नको, चेष्टा होईल." मी अठरा वर्षांची होते आणि कुठल्या बसचा ब्रेक कुठल्या बाजूला ओढतो हे आवाजावरून सांगत होते. तुम्हीच शिकवलं होतं. मग तुम्हीच म्हणालात पोरखेळ. जानेवारीच्या पत्रातही तोच शब्द आहे. आज मी लोकांची हाडं बघते, वाईट नाही ते काम. पण ट्रॅकवर शंभरच्या वर वेग असताना वळणाच्या आधी पाय पेडलवर ठेवते तेव्हा मला कुणाच्या सहीची गरज लागत नाही.

गाडीचा पुढचा भाग दुरुस्त होतोय. ती विकणार नाही. नवऱ्याला सोडणार नाही. तुम्ही घ्यायला येऊ नका. आलात तर दार उघडेन, चहा देईन आणि तुमच्याच बसमध्ये बसवून देईन.

लाल खोकं माझं आहे. ते परत पाठवा.

मुलगी


११ मार्च

पोरी,

नऊ तारखेला आलो नाही. तू नको म्हणालीस म्हणून नव्हे. मला आधी एक बघायचं होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवलो नाही. राग तुझ्यावर होता. मला शिकवते, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मास्तरांकडून त्यांची गाडी तासाभरासाठी मागून घेतली. पुढची चाकं काढली, पिस्टन टॉमीनं मागे रेटले, पॅड तेच ठेवले, चाकं लावली. तुमच्याकडे केलं अगदी तस्संच. मग सीटवर बसलो आणि पेडल दाबलं. बुटाचं टोक खालच्या चटईला लागलं. मास्तर बाहेरून काहीतरी विचारत होते, ऐकू आलं नाही. परत दाबलं. परत दाबलं. चौथ्याला टणक झालं.

चौतीस वर्षं हवेचे ब्रेक केले आणि वाटलं, जगातले सगळे ब्रेक आपलेच. दिव्याखाली अंधार तो हा. त्या दिवशी मला विचारता आलं असतं. बूट घेऊन तू अर्ध्या तासात येणारच होतीस. पण मुलीला ब्रेकचं विचारावं, हे डोक्यात आलंच नाही.

फॉर्मचं लिहिलंस. तुझ्या हुशारीबद्दल मला शंका नव्हती. डेपोतले लोक मला हसतील याची भीती होती. गेले दोन दिवस याहून बरं कारण शोधतोय, सापडलं नाही.

चष्मेवाल्यांना वेगळं पत्र लिहायला घेतलं. तीन कागद फाडले. तोंडावर सांगेन, तेवढी तरी शिक्षा मला हवी. ठकीला सांग, अण्णांनी गाडी नीट केली नव्हती. खोटं सांगू नकोस.

एवढं सगळं लिहिलं, तरी मला झोपू देत नाही ती गोष्ट दुसरीच आहे. ब्रेक मी उघडला होता. पहिली फेरी माझी होती. मी सहाच्या बसनं घरी निघून आलो आणि माझी पहिली फेरी ठकीनं केली.

गाडी दुरुस्त झाली की कळव. लाल खोकं पोस्टानं पाठवत नाही, हातानं आणून देतो. शनिवारी पॅड तू बदल. मी पाने देईन आणि तोंड बंद ठेवेन, जमेल तेवढं. रविवारी ट्रॅकवर नियमाप्रमाणे फेरी तुझी. पण माझी एक बाकी आहे, म्हणून शेजारी मी बसणार. हेल्मेट मोठ्या मापाचं बघ, माझे कान बाहेर येतात.

निघायच्या आधी पेडल पाच वेळा दाब. मी मोजेन, पण तूही मोठ्यानं मोज, कारण मला माझा आवाजही हल्ली नीट ऐकू येत नाही.

अण्णा